कोणी येत नाही

माझे गुडघे या कामाला कंटाळलेत. खरं तर त्यांच्या आधी मीच कंटाळले, पण मला तसं म्हणता येत नाही. गुडघ्यांवर ढकलता येतं.

काम सांगायला सोपं आहे. तान्ही आणि रांगती मुलं असलेल्या घरी आठवड्यातून एकदा केंद्राची एक ताई जाते. तासभर बसते, आईचं ऐकून घेते, मुलाशी खेळते, घरातल्याच डब्या-बाटल्यांची खेळणी करून देते, लस कधी आहे याची आठवण देते. हा झाला कार्यक्रम. आणि एवढं सगळं करून मुलांमध्ये खरंच काही फरक पडतो का, हे बघायला माझ्यासारखी एक बाई फॉर्मची पिशवी घेऊन फिरते. ही झाली तपासणी. ताई आली की पोरं दाराकडे धावतात. मी आले की आया पसारा कॉटखाली ढकलतात.

तीन वस्त्यांत मिळून एकशेवीस घरं निवडली होती, प्रत्येक वस्तीत चाळीस. चिठ्ठ्या टाकल्या. साठ घरांत ताई जायची, साठ घरांत नाही जायची. दीड वर्षानं दोन्हीकडची मुलं तपासायची आणि फरक मोजायचा. फरक निघाला तर कार्यक्रम सगळ्याच घरांना लागू होणार, नाही निघाला तर गाशा गुंडाळायचा, असं वरच्या मंडळींनी आधीच सांगून ठेवलं होतं.

कुठल्या घरात ताई जाते हे मला मुद्दाम सांगत नाहीत. सांगितलं तर माझा हात सैल सुटेल, अशी भीती. शिवाय माझ्यावर आणखी एक बंधन. मोजणाऱ्या माणसानं मुलाशी खेळायचं नाही, शाबासकी द्यायची नाही, काही शिकवायचं नाही. पोरानं सहा ठोकळ्यांचा मनोरा रचून टाळ्या पिटल्या तरी आपला चेहरा कोरा. एकोणीस वर्षं मी पोरांसमोर कोऱ्या चेहऱ्यानं बसते आहे. माझी बहीण म्हणते, आता घरीही तुझा तोच चेहरा असतो.

फॉर्ममधला सगळ्यात शेवटचा प्रश्न असा: मागच्या महिन्यात मुलासाठी घरी कोणी आलं होतं का? हो किंवा नाही, एका चौकटीत खूण. तिथे मला कळतं की हे घर भेटीचं की बिनभेटीचं. मला एक वाईट खोड आहे. नुसती खूण करून माझं भागत नाही. आई जे बोलली ते मी तिच्याच शब्दांत समासात लिहून ठेवते. त्यावरून मी दोन साहेबांची बोलणी खाल्ली आहेत. समास स्वच्छ ठेवा म्हणे.

तर भिंगरीचं घर.

भिंगरी हे तिचं खरं नाव नाही. तिच्या आईनं ठेवलेलं, कारण पोरगी एका जागी ठरत नाही. अडीच वर्षांची. घर चौथ्या मजल्यावर, जिन्याला दिवा नाही, एका मजल्यावर समोरासमोर दोन दारं. मी धापा टाकत आत गेले, चटईवर बसले, पिशवीतून ठोकळे काढले आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, "याचा मनोरा कर बघू."

तिनं एक ठोकळा ठेवला. दुसरा उचलला आणि माझ्या हातात दिला.

"आता तू," ती म्हणाली.

मी कोरा चेहरा ठेवला. ठोकळा खाली ठेवला.

"तू!" तिनं तो परत माझ्या मुठीत कोंबला. "मग मी. मग तू."

तिच्या आईनं घाईघाईनं तिला मागे ओढलं. "अगं, बाईंना त्रास नको देऊस. तुझं तू कर." मग पोरीनं नाखुशीनं एकटीनं आठ ठोकळे रचले. सहा पुरेसे असतात. चित्रं दाखवली ती सगळी ओळखली, तीन-तीन शब्दांची वाक्यं बोलली. मी खुणा करत गेले आणि मनात म्हटलं, हे भेटीचं घर. दुसरं काही असूच शकत नाही.

शेवटचा प्रश्न विचारला.

"कोणी येत नाही," भिंगरीची आई म्हणाली. "आमचं आम्हीच बघतो."

मी 'नाही'वर खूण केली आणि समासात वाक्य लिहिलं. उठताना कॉटच्या पायाला धरलं, तेव्हा खाली ढकललेला पसारा दिसला. त्यात प्लॅस्टिकची एक बाटली होती, गळ्याशी कापलेली, आत कपड्यांचे चिमटे. कापलेल्या कडेवर निळी चिकटपट्टी लावलेली, दोन वेढे, पोरांच्या बोटाला कड लागू नये म्हणून. मी पाहिलं, आणि भिंगरीच्या आईनं मला पाहताना पाहिलं. माझं काम फॉर्म भरायचं. कॉटखाली डोकावायचं काम मला कोणी दिलेलं नव्हतं, आणि अजून दोन घरं बाकी होती.

पंधरा दिवसांनी साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे आमचे प्रकल्पप्रमुख, वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे, माणूस वाईट नाही, पण नेहमी कुठेतरी पोचायला उशीर झाल्यासारखे बोलतात.

"बाई, मधल्या वस्तीत फरकच नाही," त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "बाकी दोन वस्त्यांत ताई जाते ती मुलं पुढे आहेत. इथं दोन्हीकडची सारखीच. त्यामुळे एकूण आकडा पार घसरला. महिनाअखेरीला अहवाल आहे. हे बघून वरचे म्हणतील, ताई पाठवून आणि न पाठवून सारखंच, मग पाठवायची कशाला?"

"मुलं मागे आहेत का तिथली?"

"नाही ना! सगळीच पुढे आहेत. तेच तर. तुमच्या मोजण्यात काही…"

"माझ्या मोजण्यात काही नाही," मी म्हटलं. एकोणीस वर्षांनी एवढं तरी ठणकावून सांगता यायला हवं.

पण मला ती बाटली आठवली होती. मी फॉर्मचा गठ्ठा घरी आणला, जेवणाच्या टेबलावर पसरला आणि मधल्या वस्तीतले 'नाही'वाले वीस फॉर्म वेगळे काढले. मग समास वाचत गेले. सहा घरांत सहा तऱ्हेची उत्तरं. कोण कशाला येतंय. आली होती नणंद, पण ती माझ्याशी भांडायला. तुम्हीच पहिल्या. अशी. आणि चौदा घरांत एकच वाक्य, शब्दाला शब्द: कोणी येत नाही. आमचं आम्हीच बघतो.

चौदा बायका आपल्या मनानं एकच वाक्य बोलत नाहीत. ते कोणीतरी पढवलेलं असतं.

मधल्या वस्तीची ताई केंद्राच्या मागच्या खोलीत सापडली. सगळे तिला चिकटपट्टी म्हणत, कारण निळ्या पट्टीचं वेटोळं कायम तिच्या मनगटात अडकवलेलं. पंचेचाळिशीची, बारीक, बोलायला लागली की थांबत नाही अशी. जमिनीवर बसून ती कात्रीनं बाटल्या कापत होती.

"बसा ना बाई. पाठीला उशी देऊ?"

"किती बाटल्या या?" मी उभ्यानंच विचारलं. "वीस घरांना वीस बाटल्या पुरतात. इथं चाळीसएक दिसतायत."

तिची कात्री थांबली. "फुटतात हो. पोरं आपटतात."

"चौदा घरं आहेत. मला एकेकीचा जिना पाठ आहे. उगाच ताकास तूर लागू न देण्यात अर्थ नाही."

तिनं बाटलीची कड अंगठ्यानं चाचपली. मग म्हणाली, "एका जिन्याला समोरासमोर दोन दारं असतात बाई. मी एका दारात जाऊन बसायची. दुसरं दार उघडंच. पहिल्या दिवशी पोरगी बाहेर आली, रांगत. उंबऱ्यावर बसून बघत राहिली. दुसऱ्या आठवड्यात परत. तिला काय सांगू? बाळा, तुझी चिठ्ठी निघाली नाही?"

"म्हणून तुम्ही आत गेलात."

"डब्याच्या सुट्टीत. काही घरी सुटल्यावर. केंद्राचा एक मिनिटसुद्धा नाही घेतला, शपथ. आयांना एवढंच म्हटलं, कोणी विचारलं तर असं असं सांगा." तिनं वर पाहिलं. "चुकलं का? मुलं तर चांगली झाली ना? तुम्हीच तपासलीत."

मला तिचा इतका राग आला की गुडघे विसरून मी तिच्यासमोर खाली बसले. राग तिच्यावर होता की चिठ्ठ्यांवर, ते मला आजही सांगता येणार नाही.

"अहो, एका पातेल्यात मीठ घालायचं, दुसऱ्यात नाही, आणि मग चव घेऊन सांगायचं की मिठानं काही होतं का. तुम्ही दोन्हीत मीठ घातलंत. आता चव घेणारा म्हणतोय, दोन्ही सारखीच लागतात, म्हणजे मीठ कुचकामी. बंद करा मीठ."

तिला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा चेहरा उतरला तो मी बघितला. "बंद? म्हणजे माझी वीस घरंपण?"

"सगळीच. साठ."

"माझ्यामुळे?"

ती उठली, खिडकीशी गेली, परत आली, कात्री खोक्यात ठेवली, परत काढली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मग लिहा. चौदा घरी ताई जात होती असं लिहा. ती घरं बाजूला काढली की फरक दिसेल ना?"

"दिसेल. पण तुम्हाला काढून टाकतील. नियमच तसा आहे. मधल्या वस्तीत ताई एकच, नाव नाही लिहिलं तरी कळणारच."

"कळू दे. मी गेले तर दुसरी येईल. कार्यक्रम गेला तर कोण येणार?" ती हसल्यासारखं करून म्हणाली, "पण नुसत्या तुमच्या लिहिण्यावर चालेल का?"

चालणार नव्हतं. आईनं स्वतः सांगून सही केल्याशिवाय खूण बदलता येत नाही. आणि त्या चौदाजणी मला मरेस्तोवर खरं सांगणार नव्हत्या, ताईनं सांगितल्याशिवाय.

म्हणून आम्ही दोघी निघालो. दोन दिवस, चौदा घरं. ती पुढे, मी मागे. प्रत्येक दारात ती म्हणायची, "यांना खरं सांग गं. मी येते म्हणून सांग," आणि बाई आधी माझ्याकडे चोर पकडायला आलेल्या शिपायाकडे बघावं तशी बघायची. मग सांगायची. मी खूण खोडून 'हो' करायची, सही घ्यायची. पोरं ताईच्या ओढणीला लोंबकळायची. कुणाला ठाऊक नव्हतं की ही तिची शेवटची फेरी आहे. तिला आणि मला तेवढं ठाऊक होतं.

भिंगरीच्या आईनं मात्र ऐकलं नाही.

"मी नाही सांगणार," तिनं दारातच हाताची घडी घातली. "सांगितलं की तुम्ही यायच्या बंद. मला कळतं. मी शिकले नाही फारशी, पण एवढं कळतं."

"दुसरी ताई येईल," चिकटपट्टी म्हणाली. "आणि तुझ्याकडे लपूनछपून नाही, राजरोस येईल. दर आठवड्याला, पूर्ण तासभर. हो की नाही बाई?"

भिंगरीच्या आईनं माझ्याकडे पाहिलं. मी त्या कार्यक्रमाची कोणी नव्हते. नवी ताई कधी येणार, येणार की नाही, यातलं काही माझ्या हातात नव्हतं. माझ्या कामात आश्वासन द्यायची सोयच नाही. पण जिना चढून मी दमले होते, हे तेरावं घर होतं, आणि ती सही मला हवी होती.

मी मान डोलावली.

तिनं सही केली. इतकी हळू केली की एकेक अक्षर मोजता आलं असतं. चिकटपट्टी तोवर चटईवर बसून भिंगरीबरोबर बाटलीत चिमटे टाकत होती. "आता तू. आता मी." शेवटचा चिमटा भिंगरीचा होता. तिनं तो टाकला, बाटली हलवून खुळखुळ ऐकली आणि सगळे चिमटे परत चटईवर ओतले. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. "आज नको राणी," ताई म्हणाली आणि मनगटातलं पट्टीचं वेटोळं काढून तिच्या आईच्या हातात दिलं. "कड निघाली की लावत जा. दोन वेढे."

अहवाल गेला. चौदा घरं बाजूला काढल्यावर फरक असा लख्ख दिसला की साहेबांनी मला स्वतः चहा आणून दिला. कार्यक्रम वाचला. वाचला कसला, वाढला. एकशेवीसच्या एकशेवीस घरांना भेटी मंजूर झाल्या. त्याच आठवड्यात चिकटपट्टीला पत्र मिळालं, नियमभंग म्हणून. मी साहेबांकडे एकदा विषय काढला. "मलाही वाईट वाटतं बाई," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत होतं, पण त्यांना कुठेतरी पोचायचं होतं. मीही जास्त ताणलं नाही. आता वाटतं, ताणायला हवं होतं. दमलेला माणूस किती गोष्टी सोडून देतो आणि त्याला समजूतदारपणा म्हणतो.

पाच महिने गेले. मुलं तीन वर्षांची झाली की पुन्हा एकदा तपासायची असतात, म्हणून मी परत पिशवी उचलली. चौथा मजला. जिन्याला अजून दिवा नव्हता.

भिंगरी वाढली होती. दाराशी धावत आली, मला पाहून थबकली आणि माझ्या मागे जिन्याकडे बघत राहिली. मागे कोणी नव्हतं. तिच्या आईनं ये-बस केलं नाही, पाणी विचारलं नाही. पसाराही लपवला नाही. मी चटईवर बसले, ठोकळे काढले, चित्रं काढली. भिंगरीनं मनोरा रचला, एकटीनं, भराभर, कोणाला न विचारता. सगळे ठोकळे स्वतःच ठेवले. माझ्याकडे एकही दिला नाही. फॉर्मच्या दृष्टीनं उत्तम. पूर्ण गुण.

शेवटचा प्रश्न मी फॉर्मकडे बघतच विचारला. "मागच्या महिन्यात मुलीसाठी घरी कोणी आलं होतं का?"

"कोणी येत नाही," तिची आई म्हणाली. "आमचं आम्हीच बघतो."

मी वर पाहिलं. क्षणभर, खरं सांगते, मला आनंद झाला. वाटलं, चिकटपट्टी ऐकायची नाही, येते आहे पुन्हा डब्याच्या सुट्टीत. मी हळूच कॉटखाली पाहिलं.

"बघा, बघा नीट," भिंगरीची आई म्हणाली. "आता खरं आहे ते. लिहा."

"नवी ताई?"

"जागा भरायची आहे म्हणतात. दोनदा केंद्रात जाऊन आले. कागद वर गेलाय म्हणे. समोरच्या दारातपण कोणी येत नाही आता. एवढं मात्र बरं झालं, दोन्ही दारं सारखी झाली."

"आणि ती?"

"एकदा आली होती. मग केंद्रातून तिला फोन गेला, परत घरोघरी दिसलात तर तक्रार करू. आता कुठेतरी बेकरीत पाव भरते पिशव्यांत, लांब. पोरगी महिनाभर दर गुरुवारी उंबऱ्यावर बसायची." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "मी तेव्हा तुमच्याकडे बघून सही केली बाई. तिच्याकडे बघून नाही. ती तर आमच्यासाठी खोटं बोलली असती, मला माहीत होतं. तुमच्याकडे बघितलं, कारण तुम्ही कधी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. तुम्ही मान हलवली होतीत."

"हो," मी म्हटलं. "हलवली होती."

मी 'नाही'वर खूण केली, समासात वाक्य लिहिलं. तेच वाक्य, त्याच अक्षरात, त्याच घराचं. या वेळी त्यात एका शब्दाचीही चूक नव्हती. मी फॉर्म पिशवीत घातला, ठोकळे मोजून डबीत भरले. अकरा वाजता समोरच्या दारात मुलगा तपासायचा होता, आणि या फेरीत माझा एकही फॉर्म उशिरा गेलेला नव्हता.

उठायला म्हणून कॉटच्या पायाला हात घातला, तर भिंगरी तिथेच बसली होती, बाटली घेऊन. निळी पट्टी एका बाजूनं सुटली होती, चिमटे पाचच उरले होते. ती माझा धक्का लागू नये इतक्या लांब बसून एकटीच टाकत होती, एकापाठोपाठ एक. मी काय करते ते तिनं एकदा वर बघून पाहिलं. माझा चेहरा नेहमीचाच असणार. ती परत बाटलीकडे वळली.

मी पुन्हा खाली बसले. गुडघे करकरले. भिंगरीच्या आईनं वळून पाहिलं.

मी हात पुढे केला. "आता मी?" म्हटलं.

पोरीनं खूप वेळ विचार केला. मग एक चिमटा माझ्या हातावर ठेवला. घड्याळात अकरा वाजून गेले होते. मी तो बाटलीत टाकला.